सातवी बुडी

कोल्हापुरात स्कूटीवरून जाणारी बाई ओळखून दाखवावी. डोक्याला स्कार्फ, डोळ्यांवर गॉगल, अंगात सनकोट आणि हातात कोपरापर्यंत मोजे. सख्खी बहीण शेजारून गेली तरी हाक मारायची सोय नाही. बाकीच्या बायकांना हा सगळा जामानिमा उतरवला की हायसं वाटतं. सुवार्ताला तो चढवला की हायसं वाटायचं. मंगळवार पेठेतल्या घरातून निघून शाळेच्या कचेरीत पोहोचेपर्यंतची वीस मिनिटं हा तिच्या दिवसातला सगळ्यात निवांत वेळ. तेवढा वेळ ती चारचौघींसारखी असायची.

सुवार्ताला कोड होतं. दोन्ही हात बोटांच्या पेरांपासून मनगटाच्या वरपर्यंत पांढरे, ओठाच्या डाव्या कोपऱ्यात एक डाग, मानेवर एक. कोड दुखत नाही, खुपत नाही, एकाचं दुसऱ्याला होत नाही. हे डॉक्टरांनी तिला सांगायचं, तिनं लोकांना सांगायचं, आणि लोकांनी "माहिताय की आमाला" म्हणत हात मागं घ्यायचा, असा तो प्रकार. अडतिसाव्या वर्षापर्यंत तिला त्याची सवय व्हायला हवी होती. झाली नव्हती. कचेरीच्या खिडकीतून दाखला देताना ती कागदाचं टोक चिमटीत धरून बाहेर सरकवायची आणि समोरच्याचे डोळे कुठं जातात ते बघायची. डोळे हातावर गेले की पोटात गोळा. नाही गेले, तर आता जातील म्हणून गोळा.

तर अशा बाईला मंडळीनं वडील करून टाकलं.

मंडळी म्हणजे त्यांचं चर्च. मंडळीचा कारभार बघायला पाच जण निवडून देतात, त्यांना वडील म्हणतात, मग ती बाई का असेना. डिसेंबरातल्या वार्षिक सभेला सुवार्ता तापानं घरी झोपली होती, आणि सभेत माणूस हजर नसला की त्याचं नाव सुचवायला लोकांना फार सोपं जातं. गणपतराव नावाचे एक सत्तरीचे वडील होते, एसटीत ड्रायव्हरकी करून रिटायर झालेले. त्यांनी तिचं नाव घेतलं. अक्षर चांगलं, हिशोबाला चोख, कुणाशी भांडण नाही. सगळे हात वर झाले. तिला वाटलं, ठीक आहे, सभेचा वृत्तांत लिहायचा, अहवाल लिहायचा. कागदाची तिला भीती नव्हती.

मग नाताळच्या आठवड्यात पाळ्यांचं वेळापत्रक लागलं. जानेवारीचा पहिला रविवार, प्रभुभोजन, बायकांची बाजू: सुवार्ता.

चर्चच्या दारात उभ्या उभ्या तिनं ते तीनदा वाचलं.

प्रभुभोजनाला भाकरीचे बारीक तुकडे आणि द्राक्षांचा रस देतात, येशूच्या शेवटच्या जेवणाची आठवण म्हणून. भाकर म्हणायची, असतो तो बेकरीतला पाव. कुठल्या चर्चमध्ये तबक हातोहात फिरवतात, कुठं लोक पुढं येऊन गुडघे टेकतात. या मंडळीची रीत वेगळी होती. वडिलांनी एकेका बाकाशी जायचं, प्रत्येक तुकडा आपल्या बोटांनी उचलायचा आणि समोरच्याच्या तळहातावर ठेवायचा. हातानं हातात. करोनात यांनी दोन वर्षं प्रभुभोजन बंद ठेवलं, पण चिमटा आणला नाही.

म्हणजे आता सुवार्तानं आपल्या पांढऱ्या बोटांनी पन्नास-साठ बायकांच्या हातात खायची वस्तू ठेवायची, आणि त्यांनी ती तोंडात घालायची. तिच्या डोळ्यांसमोर एकच चित्र यायला लागलं: तुकडा धरून ती उभी आहे आणि समोरची ओंजळ मिटलेली आहे. एकीनं मिटली की शेजारचीनं मिटली, मग तिच्या शेजारचीनं. भरलेलं तबक घेऊन सगळ्यांसमोर ती मागं फिरते आहे.

हे चित्र काही तिनं हवेतून काढलं नव्हतं. ती पंधरा वर्षांची असताना नाताळच्या उपासनेनंतर तिनं स्वतः भरलेल्या करंज्यांचं ताट बायकांत फिरवलं होतं. बनाबाई तेव्हा महिला मंडळाच्या अध्यक्ष. दवाखान्यात आया म्हणून राबलेली, खणखणीत आवाजाची, सगळी मंडळी टरकून असायची अशी बाई. बनाबाईंनी करंजी उचलली, सुवार्ताच्या हाताकडं बघितलं आणि करंजी खिडकीच्या कट्ट्यावर ठेवून दिली. सगळे पांगले तरी ती तिथंच होती. तिला मुंग्या लागेपर्यंत सुवार्ता बघत उभी होती. त्यानंतर चर्चमध्ये तिनं कुणालाही पाण्याचा पेलासुद्धा दिला नाही.

एवढंच बरं होतं की बनाबाईंना दिवाळीत अर्धांगाचा झटका आला होता आणि तेव्हापासून त्या चर्चला येत नव्हत्या. दुसऱ्याच्या आजारपणात समाधान मानू नये, हे सुवार्ताला कळत होतं. तिला समाधान वाटलं.

शुक्रवारी संध्याकाळी तयारीची सभा असते. ती संपल्यावर सगळे गेले तरी सुवार्ता बाकावर बसून राहिली. पाळक, म्हणजे चर्चचे धर्मगुरू, धैर्यशील वयानं तिच्याहून लहान, शिरोळकडून दोन वर्षांपूर्वी बदलून आलेले, स्वभावानं मऊ. ते जवळ आले.

"पाळकसाहेब, रविवारचं मला जमायचं न्हाय," ती म्हणाली. "दुसऱ्या कुणाला तरी सांगा."

त्यांनी कारण विचारलं नाही. कारण तिच्या मांडीवर, ओढणीखाली होतं. ते म्हणाले, "ताई, मोजे घाला की. पांढरे, सुती. स्वच्छतेसाठी म्हणून सांगू आपण. कुणी काय बोलणार न्हाय."

सुवार्ताचा जीव भांड्यात पडला. इतकं सोपं होतं होय!

गणपतराव खिडक्या लावत होते. त्यांनी शेवटची कडी घातली आणि तिथूनच बोलले. "मोजं घाल न्हायतर नको घालू, तुजं तू बघ. पर ही रीत कशी पडली ठावं हाय का तुला?"

"न्हाय, काका."

"आमच्या आज्जीला तहान लागली तर ओंजळ धरायला लावायचे आणि वरनं पाणी वतायचे. लांबनं. भांडं शिवायला नको म्हणून. मंडळीतली पयली वीस घरं सगळी तसलीच. पयल्या पाळकानं हितं तिच्या हाताला हात लावून भाकर दिली. आज्जी म्हणायची, माझा बाप्तिस्मा कवा झाला मी इसरले, ती भाकर न्हाय इसरले." किल्ल्यांचा जुडगा त्यांनी खिशात टाकला. "म्हणून हितं चिमटा येत न्हाय. बाकी काय न्हाय. चल, सलाम." मंडळीत निरोपाला सलामच म्हणतात.

स्कूटीवर बसून घरी येताना सुवार्ताला त्यांचा राग आला. यांना बोलायला काय जातं? यांचे हात एकाच रंगाचे आहेत. शनिवारी सकाळी तिनं महाद्वार रोडला जाऊन पांढऱ्या सुती मोज्यांचा जोड घेतला, आणि मोजे पर्समध्ये टाकल्यावर दोन दिवसांत पहिल्यांदा पोटभर जेवली.

दुपारी पाव कापायचा होता. ज्याची पाळी त्याच्या घरी पाव कापतात. आई, लीलाबाई, जमिनीवर विळी घेऊन बसली आणि कडा काढून पांढऱ्या भागाचे चौकोनी तुकडे पाडायला लागली. सुवार्ता शेजारी नुसती बसली होती. मायलेकींत फार बोलणं नसायचं. भांडण नव्हतं, पण पंचवीस वर्षं एक गोष्ट दोघींच्या मध्ये होती आणि दोघी तिला वळसा घालून जात.

ती गोष्ट पंचगंगेतली.

सुवार्ता तेरा वर्षांची होती आणि बोटांवर पहिले डाग उठले होते. दवाखाने झाले, लेप झाले. लीलाबाई भोळी नव्हती, पण शास्त्र, म्हणजे बायबल, वाचायची आणि वाचलं ते खरं धरायची. शास्त्रात एका परक्या सेनापतीची गोष्ट आहे. त्याचं अंग असंच डागाळलेलं. संदेष्ट्यानं त्याला यार्देन नदीत सात वेळा बुडी मारायला सांगितलं, आणि सातव्या बुडीनंतर त्याची कातडी लहान मुलासारखी झाली. लीलाबाईंनी विचार केला, नदीचं नाव वेगळं असेल, देव तोच आहे. डिसेंबरातल्या एका पहाटे, लोक यायच्या आत, तिनं पोरीला घाटावर नेलं.

पाणी इतकं गार होतं की सुवार्ताला ओरडताही येईना. आईनं एक हात तिच्या मानेवर ठेवला, दुसरा पाठीवर, आणि खाली दाबलं. "एक." वर काढलं. "दोन." नाकातोंडात पाणी गेलं. चौथ्या बुडीला पायाखालचं शेवाळ सरकलं. सहाव्या बुडीला आईनं जरा जास्त वेळ खाली धरलं, निदान तिला तसं वाटलं, आणि त्या काळ्या पाण्यात तिची खात्री झाली की आई आपल्याला मारायला घेऊन आली आहे. वर येताच तिनं आईच्या हाताला हिसडा दिला आणि पायऱ्या चढून पळत सुटली. वर धुणं घेऊन आलेल्या दोघी बायका बघत राहिल्या. वळून बघितलं तेव्हा आई कमरेएवढ्या पाण्यात तशीच हात पुढं करून उभी होती.

सातवी बुडी राहिली.

मग डाग वाढत गेले आणि सुवार्ताला कारण ठाऊक होतं. देवानं सात सांगितल्या होत्या. ती सहाव्याला पळाली. तिचा विश्वास एका बुडीनं कमी पडला होता. लोकांच्या नजरेची भीती वरची होती, तिच्याखाली ही दुसरी होती: आपल्या हातांवरचे डाग ही आपल्या अविश्वासाची खूण आहे, आणि ते हात घेऊन प्रभूच्या मेजाजवळ जायचं आहे. मोज्यांनी लोकांचे डोळे झाकले असते. याला मोजे कुठून आणायचे?

"आई," ती एकदम म्हणाली. "त्या दिवशी मी पळाले नसते तर?"

विळीवरचा हात थांबला. लीलाबाईंनी वर बघितलं नाही.

"तू पळालीस म्हणून राहिली असं वाटतंय व्हय तुला?" तिनं कापलेला तुकडा बाजूला ठेवला. "दुसऱ्या दिवशी परत न्यायला येत हुतं की तुला. सातवी तेवढी घालायची हुती. नेलं न्हाय मी."

"का?"

"भ्यायले." लीलाबाईंनी पदरानं नाक पुसलं. "सातवी घातली आणि हात तसंच राहिलं तर? मग म्या कुणाकडं बघायचं हुतं? सहावर थांबलं तर म्हणता येतं, आमचंच चुकलं, आमचीच राहिली. देवाला बोल लावायला नको. तुज्या डोक्यावर टाकलं मी ते. तुला सांगायचं हुतं कवापासनं. तोंड न्हाय झालं."

सुवार्ताला रडायला यायला हवं होतं. तिला आधी राग आला, चांगला सणसणीत. पंचवीस वर्षं! मग समोरची म्हातारी, मांडीवर पावाचे कण पडलेली, पाण्यात हात पुढं करून उभी राहिलेल्या त्या बाईसारखी दिसली आणि राग टिकेना. तिनं आईच्या हातातली विळी काढून घेतली आणि उरलेला पाव स्वतः कापला. उघड्या हातांनी. घरात कुणी बघायला नव्हतं, म्हणून जमलं.

दिवेलागणीला तिनं बायबलातलं एक शुभवर्तमान, म्हणजे येशूचं चरित्र, उघडलं. येशूच्या पायाशी येऊन पडलेल्या कुष्ठरोग्याची गोष्ट तिला तोंडपाठ होती आणि मुळीच आवडत नव्हती, कारण शेवटी तो माणूस बरा होतो. आपण बरे झालो नाही तर बरं होणाऱ्यांच्या गोष्टी किती दिवस वाचायच्या? पण त्या संध्याकाळी ती एका ठिकाणी अडखळली. येशूनं हात पुढं करून त्याला स्पर्श केला. मग तो बरा झाला. आधी हात लावला. परत वाचलं, दुसऱ्या शुभवर्तमानात काढून बघितलं, तिथंही तसंच होतं. बरा झाल्यावर त्याला शिवायला कुणीही पुढं आलं असतं. येशूनं हात लावला तेव्हा त्याच्या अंगावर सगळे डाग होते.

पंचवीस वर्षं तिची एकच प्रार्थना होती: हे काढून टाक. त्या दिवशी ती गुडघ्यांवर बसली आणि ते शब्द तोंडातून निघेनात. "उद्या माझा हात धर," ती म्हणाली. "आहे तसाच धर."

भीती गेली का? नाही. साक्षीच्या सभेत लोक सांगतात की प्रार्थना केली आणि भय पळून गेलं. कुणाचं पळत असेलही. सुवार्ताचं रविवारी सकाळी तिच्या आधी उठून बसलं होतं. आईला मागं बसवून ती चर्चला निघाली तेव्हा स्कार्फ, सनकोट, मोजे सगळं अंगावर होतं आणि पांढरा जोड पर्समध्ये होता.

मागच्या खोलीत वडील हात धुतात. गणपतराव तांब्यातून पाणी घालतात आणि एकेकजण बादलीवर हात धरतो. सुवार्तानं स्कूटीचे मोजे काढले, हात धुतले, पांढरा जोड काढला आणि चढवायला लागली. ओल्या बोटांवर सुती कापड चढेना. अर्ध्या बोटांत अडकलं. बाहेर गाणं सुरू झालं होतं. ती कापड ओढत राहिली.

गणपतरावांनी खांद्यावरचा टॉवेल पुढं केला. "पूस नीट. वाळू दे. दोन कडवी हायत अजून, घाई न्हाय."

वेळ होता. मोजे चढले असते. हेच तर वाईट होतं, निमित्त कुठलंच उरलं नव्हतं. अर्ध्या चढलेल्या मोज्यातल्या आपल्या हाताकडं ती बघत राहिली. काल म्हटलं, आहे तसाच धर, आणि आज प्रभूलाही कापड पुढं करायचं? तिनं मोजा ओढून काढला. दोन्ही मोजे खिडकीच्या कट्ट्यावर ठेवले. तबक उचललं.

बायकांच्या बाजूला सहा बाक होते. पाळकांनी भाकर मोडली, आशीर्वाद मागितला, पेटी हलकी वाजायला लागली. सुवार्ता पहिल्या बाकाशी गेली. तिनं तुकडा उचलला आणि वडिलांनी म्हणायचे शब्द म्हटले, "घे बाई, प्रभूनं तुझ्यासाठी दिलंय." समोर एक ओंजळ आली. तिनं तुकडा ठेवला. ओंजळ तोंडाकडं गेली.

दुसरी. तिसरी. मग तिच्या ध्यानात आलं की बायकांचे डोळे मिटलेले आहेत. प्रभुभोजन घेताना डोळे मिटतात. तीही दर वेळी मिटत आली होती. अख्खी मंडळी आपल्या हातांकडं बघत असते असं जिला आयुष्यभर वाटलं, तिला आज कळत होतं की अर्ध्या मंडळीला कुणाकडंच बघायचं नव्हतं. तीन बाक झाले.

चौथ्या बाकावर अंतरा होती. कॉलेजात शिकवणारी, चांगली शिकलेली, सुवार्ताशी नेहमी हसून बोलणारी. तिचे डोळे उघडे होते. तिनं हात पुढं केला, मग तिची नजर सुवार्ताच्या बोटांवर आली. हात मागं गेला. पर्सची चेन वाजली. अंतरानं रुमाल काढला, घडी उलगडून तळहातावर पसरला आणि तो पुढं केला, खाली बघत.

चित्र खरं झालं होतं. शेजारच्या दोघींनी डोळे उघडून बघितलं होतं, त्या बघत होत्या. कट्ट्यावरचे मोजे तिला आठवले आणि जाऊन घेऊन यावेत असं इतकं वाटलं की पाय वळलासुद्धा. "आहेस ना?" ती मनात म्हणाली. उत्तर काही ऐकू आलं नाही. पण तुकडा तिच्या बोटांत होता आणि तो तिचा नव्हता. तिनं तो रुमालावर ठेवला. "घे बाई," ती म्हणाली, "प्रभूनं तुझ्यासाठी दिलंय." शब्द पुरे झाले. मग पुढची ओंजळ. ती उघडी होती. त्याच्या पुढचीही.

सहाव्या बाकावर शेवटी आई बसली होती. लीलाबाईंनी तुकडा घेताना लेकीची बोटं क्षणभर घट्ट धरली आणि सोडली. संपलं. सुवार्ता वळली, आणि तिथंच थबकली.

दाराशी चाकांची खुर्ची होती. बाकांमध्ये मावत नाही म्हणून मागं लावलेली. खुर्चीत बनाबाई होत्या. उपासना सुरू झाल्यावर सुनेनं आणून बसवल्या असाव्यात. उजवी बाजू गेलेली, डावा हात संधिवातानं आधीपासूनच आखडलेला, दोन्ही हात मांडीवर मुडपून पडलेले. तोंड वाकडं झालं होतं. डोळे मात्र तेच होते आणि ते सरळ सुवार्ताच्या हातांवर लागले होते.

बनाबाईंना ओंजळ करता येणार नव्हती. तुकडा तोंडात घालावा लागणार होता. बोटांनी.

सुवार्ता खुर्चीसमोर उभी राहिली. तुकडा उचलला, शब्द म्हटले, हात त्या ओठांपाशी नेला. ओठ मिटलेले. तिनं वाट बघितली. ओठ मिटलेलेच. पेटी थांबली. पुरुषांच्या बाजूचं वाटून झालं होतं आणि गणपतराव रिकामं तबक घेऊन पुढं थांबले होते. चर्चमध्ये आवाज उरला नाही. सगळे थांबले होते आणि आता, आता खरंच, सगळे तिच्या हातांकडं बघत होते.

दार दोन पावलांवर होतं. बाहेर स्कूटी होती. तिच्या पायांना ते माहीत होतं, पाय पळायला तयार होते. पाणी गळ्याशी आलं होतं, शेवाळ सरकत होतं, आणि सहा झाल्या होत्या.

सुवार्ता पळाली नाही. तिनं हात मागं घेतला नाही. हात थरथरत होता, थरथरू दिला. बनाबाईंना ऐकू कमी येतं हे आठवून ती वाकली आणि मोठ्यानं म्हणाली, इतकं मोठ्यानं की पुढच्या बाकापर्यंत गेलं, "घ्या बनाकाकू. प्रभूनं तुमच्यासाठी दिलंय."

ओठांचा डावा कोपरा हलला. एवढंच. मग पुन्हा हलला, आणि तिला दिसलं की ती बाई मघापासून तोंड उघडायला धडपडते आहे आणि तोंड तिचं ऐकत नाही. कपाळावरची शीर फुगली होती. डोळ्यांत पाणी होतं आणि भीती होती, सुवार्ताच्यासारखीच भीती, की ही पोरगी थांबणार नाही, निघून जाईल. हळूहळू ओठ विलग झाले. सुवार्तानं तुकडा आत, जिभेवर ठेवला. ओठ मिटले ते तिच्या बोटांवर. ओली, गरम पकड. बनाबाईंनी बोटं सोडली नाहीत आणि सुवार्तानं काढून घेतली नाहीत.

करंजी का ठेवून दिली होती, हे सांगायला आता बनाबाईंना वाचा नव्हती. त्या दिवशी पोट बिघडलं होतं की मन, ते आता कधीच कळणार नव्हतं. सुवार्ताला नंतर नवल वाटलं ते याचं, की तिला ते विचारावंसंही आता वाटत नव्हतं.

उपासना सुटली. दारात अंतरा "सलाम, ताई" म्हणाली आणि नजर चुकवून गेली. सुवार्तानं तिला सलाम केला. दुखलं, आणि ते पुढंही दुखणार होतं. तिनं स्कूटी काढली, स्कार्फ बांधला, आईला मागं बसवलं. बिंदू चौकाच्या अलीकडं शेजारी रिक्षा थांबली. आतल्या बाईची नजर तिच्या हँडलवरच्या उघड्या हातांवर आली आणि पोटात तोच जुना गोळा उठला. हात तिथंच राहिले.

मागून आईनं विचारलं, "मोजं इसरलीस व्हय गं?"

"न्हाय."

जानेवारीचा वारा होता. लीलाबाईंनी तिच्या खांद्यावरून हातांकडं बघितलं. "गार लागंल."

"लागू दे की," सुवार्ता म्हणाली, आणि गाडी पुढं काढली.